भरल्या पानावरून

परवा आमच्या पेठेत यशोदाबाईंच्या नावाने सभा झाली. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली, पण त्यांच्याकडे शिकलेल्या काही जणी अजून हयात आहेत आणि त्यांच्या मुलांनी ही सभा ठरवली होती. एका वक्त्याने सांगितले की, यशोदाबाईंनी मनात कुणाविषयीही कटुता न ठेवता सोलापुरातल्या मुलींना इंग्रजी शिकवले. मी पुढच्याच रांगेत होते. मला हसू आवरेना, म्हणून पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटले मी रडते आहे. त्यांनी माझा हात थोपटला.

इंग्रजी शिकवले हे खरे. पण कटुता नसती तर त्या बाईने एकाही मुलीला शिकवले नसते. एका माणसाला चारचौघांत भरल्या पानावरून उठवायचे, एवढ्यासाठी त्यांनी तो वर्ग काढला आणि चालवला. त्यांना कुणी देवी केलेले त्यांना आवडले नसते. म्हणून जे झाले ते लिहून ठेवते. लहानपणी कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी रोजनिशीची सवय लावली ती अजून सुटलेली नाही, त्यामुळे माझ्या आठवणींची फारशी सरमिसळ होत नाही.

मी लग्न होऊन सोलापुरात आले ते १९२८ साली. आमचे हे मिलच्या कचेरीत होते. बिऱ्हाड शुक्रवार पेठेत, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून यशोदाकाकूंचे घर. त्यांचे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. मूलबाळ नाही. एका दुपारी काकू आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. उंच, काटकुळ्या, नऊवारीचा काष्टा कसलेला.

"तू म्हणे कॉन्व्हेंटातली."

"हो."

"मग 'प्लेझर' म्हण."

मी म्हटले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि पुन्हा म्हणायला लावले.

"बरोबर. मडमबाई असंच म्हणायच्या. उद्यापासून दुपारी माझ्याकडं येत जा. इथं कानावर पडायला काही नाही, माझे उच्चार गंजायला लागलेत."

त्या दिवसापासून मी त्यांची 'कॉन्व्हेंट' झाले. नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर सोप्यावर पंगत मांडल्यासारखे पाट ओळीने मांडलेले, आणि प्रत्येक पाटावर एक मुलगी हातात पाटी धरून बसलेली. ताटे नाहीत, रांगोळी नाही. काकूंकडे धुणेभांडी करणारी सोनाबाई दारात उभी राहून मला म्हणाली, "बगा बाई, आमच्या हितली तऱ्हा. पाटावर बसत्यात आन जेवत्यात शब्द. पोट भरतंय का कुणाचं, इचारा."

"भरतंय, सोने," काकू म्हणाल्या. "तू भांडी घास."

त्या पंगतीची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे.

काकूंचे माहेर माढ्याचे, वडील शाळामास्तर. लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या तेव्हा यजमानांना मालधक्क्यावर व्यापाऱ्यांच्या तक्रारींची उत्तरे इंग्रजीत लिहावी लागत आणि ते त्यांना जमत नसे. साहेब रोज खडसावी. ते तोंड पाडून घरी येत. शेवटी काकू म्हणाल्या, मी शिकते आणि तुम्हाला सांगते. त्या काळी मिशनच्या एक मडमबाई घरच्या बायकांना शिकवीत. काकू तिकडे जाऊ लागल्या.

पहिल्याच दिवशी मडमबाईंनी चहा आणि बिस्किटे पुढे केली.

"आपल्यात घरची बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते ना," काकू मला सांगत होत्या. "मला वाटलं, माझं होईस्तोवर ही उभी राहील. मी तिची वाट बघतेय, ती माझी वाट बघतेय. चहा निवला. शेवटी ती खुर्ची ओढून माझ्या अगदी शेजारी बसली आणि खायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचं क्रियापदसुद्धा असंच वागतं."

मराठीत वाक्याची पंगत कशी बसते? आधी कर्ता, मग कर्म, आणि सगळे वाढून झाल्यावर शेवटी क्रियापद. 'सिद्धप्पा भाकरी खातो.' घरच्या बाईसारखे क्रियापद सगळ्यांच्या मागून येते. इंग्रजीत ते पाहुण्याच्या शेजारी, दुसऱ्या पाटावर येऊन बसते. 'सिद्धप्पा ईट्स भाकरी.' काकूंनी एवढे एक बिस्किटाबरोबर गिळले आणि मग बाकीचे भराभर कळत गेले.

यजमानांचे थोरले बंधू कमलाकरराव. ते मुलांच्या एका हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर होते. त्यांच्या घरात त्यांच्यासमोर कुणी मोठ्याने शिंकत नसे. शिकवणे म्हणजे नियम पाठ करून घेणे आणि चुकले की छडी. त्यांचा थोरला मुलगा छडीला कंटाळून काकूंकडे येऊन बसू लागला. एके संध्याकाळी घरी पाहुणे असताना तो पोरगा बोलून गेला, "बाबा, तुम्ही सांगता ते पाठ होतं, पण काकू सांगते ते कळतं." पाहुणे हसले. एवढेच झाले.

पुढच्या वैशाखात कमलाकररावांच्या धाकट्या मुलाची मुंज झाली. साल १९२३. पुरुषांची पंगत उठली, बायकांची बसली. काकू सवाष्णींच्या ओळीत होत्या. शेजारी कमलाकररावांची मुलगी शकुंतला, सहा-सात वर्षांची, काकूंच्या मांडीवर हात ठेवून बसलेली. पाने वाढून झाली. भातावर वरण पडले, तूप पडले. इतक्यात कमलाकरराव स्वतः ओळीपुढे येऊन उभे राहिले. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. त्यांना काही हवे असले तर ते कुणाच्या तरी तोंडून सांगत. त्या दिवशी ते पहिल्यांदा थेट बोलले.

"यशोदे, ऊठ. हे पान तुझं नव्हे. मडमेच्या घरी खाल्लेल्या हाताला आमच्या घरात पान नाही."

ज्या गृहस्थांनी हे म्हटले ते स्वतः, शाळा तपासायला गोरा साहेब आला की त्याच्याबरोबर चहा आणि केक घेत, आणि साहेबाने आपल्याशी काय काय गप्पा मारल्या ते वर्षभर सांगत. हे त्या पंगतीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. सगळ्यांनी नजर आपापल्या पानावर ठेवली.

काकू उठल्या. शकू विचारू लागली, काकू कुठं चालली, आणि त्यांच्यामागे उठू लागली. तेव्हा कमलाकरराव तिला म्हणाले, "तू बस. भरल्या पानावरून उठू नये. अन्नाचा अपमान होतो."

"ओट्यावर आमचे हे बसले होते," काकूंनी मला सांगितले. "जेवण झालेलं. विडा लावत होते. मी चप्पल घातली ते त्यांनी बघितलं. विडा तोंडात घातला."

"मग?"

"मग काही नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तक्रारींची उत्तरं सांगायची मी बंद केली. म्हटलं, थोरल्या भावाकडून लिहून आणा. तिथं जाऊन ते रोज बोलणी खायचे आणि इथं येऊन गप्प बसायचे. संसार शांत झाला."

त्यानंतर काकू पाटावर बसून जेवल्या नाहीत. घरात जेवताना फरशीवर बसत. कुणाच्या लग्नामुंजीला गेल्या तर अक्षता टाकून परत येत. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाल्या, "भावोजींना भरल्या पानावरून उठवलं की बसेन."

"ते तुमच्याकडं जेवायला कशाला येतील?"

"येतील. माणूस मुलीसाठी कुठंही येतो."

मुंजीनंतर वर्षभरातच त्यांनी मुलींचा वर्ग काढला होता. शिकवायची पद्धत त्यांचीच. ज्या गोष्टीवरून आपल्याला उठवले तीच त्यांनी मांडून ठेवली. पाटांची ओळ म्हणजे वाक्य, बसणारी प्रत्येक मुलगी म्हणजे एक शब्द.

ईरम्मा नावाची एक मुलगी होती, बाजारातल्या सिद्धप्पा आडत्यांची. घरी कानडी. तिला क्रियापद केले की ती हटकून शेवटच्या पाटावर जाऊन बसे.

"ईरम्मा, तू कोण?"

"ईट्स."

"मग मराठीत जेवायला बसलीस की इंग्रजीत?"

ईरम्मा जीभ चावायची, उठून दुसऱ्या पाटाकडे यायची आणि तिथे आधीच बसलेल्या कर्माला म्हणायची, "सरक की. तुझा पाट पलीकडं हाय."

ही चूक एकट्या ईरम्माची नव्हती. साखर पेठेतून येणाऱ्या विणकर साळ्यांच्या मुली घरी तेलुगू बोलत, एक-दोघी दखनी बोलत. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी, सोलापुरातल्या चारही भाषांत घरची बाई शेवटीच जेवते. त्यामुळे सगळ्या मुली एकच चूक करत आणि सगळ्यांना एकच औषध लागू पडे.

बाकीच्या शब्दांनाही पंगतीत जागा होती. विशेषण ही करवली, ती नामाला खेटून, त्याच्या आधी बसणार. सर्वनाम म्हणजे नाम हात धुवायला गेल्यावर त्याच्या पाटावर बसणारे. दोघांनी एका पाटावर बसायचे नाही, म्हणून 'सिद्धप्पा ही ईट्स' म्हणणारीला काकू ढकलून उठवत. क्रियाविशेषण हा वाढपी, त्याला फिरायची मुभा. शब्दयोगी अव्यय आपल्याकडे नामाच्या मागे शेपटासारखे चिकटते, 'घरामध्ये', 'झाडावर'. त्यांच्याकडे तेच भालदारासारखे पुढे चालते, 'इन', 'ऑन'. उभयान्वयी अव्यय दोन पंगतींमधल्या दारात उभे राहायचे. आणि केवलप्रयोगी म्हणजे पंगतीबाहेर भोकाड पसरलेले पोर. त्याचे नाते कुणाशीच नाही. 'अ' आणि 'द' हे दोघे आपल्याकडे नाहीतच, म्हणून ते काम सगळ्यांत लहान मुलींना. त्यांनी नामाच्या पुढे जाऊन वर्दी द्यायची.

कॉन्व्हेंटात आम्हीही वाक्ये फोडली होती, फळ्यावर रेघा मारून. मला ते येत होते. पण दुसऱ्याला असे उठवून बसवून दाखवता येईल, हे मला कधी सुचले नसते.

या वर्गाचा एक नियम होता, आणि सगळ्या गावात त्याची वाहवा होत असे. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिच्या वडिलांनी तिच्याबरोबर पाटावर बसायचे. त्यांनाही एक शब्द मिळायचा. त्या दिवशी सगळ्यांपुढे पाने मांडून शिरा वाढायचा, सगळ्यांनी तो खायचा आणि मग वर्ग सुरू. वडील मुलीच्या पंगतीला बसले म्हणजे घरी गेल्यावर ते तिला अभ्यास विचारतील, असे काकू सांगत. लोक म्हणत, केवढा पुढचा विचार. सिद्धप्पा आडते आपले अवाढव्य पोट सावरीत बसले होते, तो दिवस मला आठवतो.

"मला काय केलंय?" त्यांनी विचारले.

"विशेषण. तुमच्या पाटीवर 'बिग' लिहिलंय."

"छे छे. मला क्रियापद करा की बाई. मी कामाचा माणूस हाय."

"काम करायला तुमची मुलगी आहे. तुम्ही शिरा घ्या."

त्यांनी दोनदा घेतला.

त्या दिवशी भांडी आवरताना मी काकूंना म्हटले, "हा वडिलांचा नियम फार चांगला आहे."

"चांगला आहेच," त्या म्हणाल्या. "भावोजींच्या मापाचा शिवलाय. तोवर बाकीचे घालून बघतायत."

तेव्हा मला उलगडले. आडते, मिलमधले जॉबर-मुकादम, साळी, पोस्टातले कारकून, कितीतरी बाप त्या पाटावर बसून शिरा खाऊन गेले होते, आणि त्यातला एकही काकूंना नको होता. नियम जुना आणि सर्वांना सारखा असला पाहिजे, म्हणजे ज्याच्यासाठी केला त्याला तो चुकवता येणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब.

वाट पाहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. रस्त्यात कमलाकरराव दिसले की त्या बारकाईने बघत. "जरा खोकतायत," एकदा काळजीने म्हणाल्या. "तब्येतीला जपायला पाहिजे त्यांनी." तीस साली, मार्शल लॉच्या वर्षी, गावात धरपकड चालली होती, वर्ग बंद होता, आम्ही दारे लावून घरात बसलो होतो. काकू मधल्या भिंतीच्या खिडकीतून मला विचारत, "भावोजींना नाही ना धरलं कुणी?"

"त्यांना कशाला धरतील? ते सरकारच्या बाजूचे."

"तसं नव्हे गं. ते तुरुंगात गेले तर माझ्या पाटावर कोण बसेल?"

अखेर शकुंतलेची वेळ आली. तिला मुंबईचे एक स्थळ आले होते, मुलगा सरकारी नोकरीत. त्यांची अट एकच, मुलगी मॅट्रिक झाली की लग्न. शकू मुलींच्या शाळेत होती. बाकी विषयांत बरी, पण इंग्रजीत दर परीक्षेला नापास. वडिलांनी घरी शिकवायला घेतले होते. आठही शब्दजातींच्या व्याख्या तिला झोपेत म्हणता येत, पण एक वाक्य लिहायला सांगितले की घाम फुटे. छडी टेबलावर असायची. पोरगी 'फादर' म्हणतानासुद्धा चाचरू लागली. शाळेतल्या बाईंनी कमलाकररावांना तोंडावर सांगितले, तिला यशोदाबाईंकडे पाठवा, नाहीतर मॅट्रिकचे नाव काढू नका.

आधी भावाकडून निरोप आला. काकूंचे यजमान रात्रीच्या जेवणाला बसताना म्हणाले, "दादा विचारत होता, शकूला..."

"येऊ दे. वडिलांबरोबर," काकू म्हणाल्या. विषय संपला.

मग थोरल्या जाऊबाई स्वतः आल्या, खण आणि नारळ घेऊन. मी तिथेच सुपारी कातरत बसले होते.

"यशोदे, झालं गेलं ते गंगेला मिळालं. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"पोरीला मी नाही म्हटलंय का, वहिनी? रविवारी पाठवा. भावोजींनी बरोबर यायचं, पाटावर बसायचं, शिरा खायचा. सगळ्यांना हाच नियम आहे."

"ते कसे येतील गं?"

"चालत. सिद्धप्पा आडते चालत येतात. त्यांच्याहून जड आहेत का?"

जाऊबाईंनी नारळ पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "तुझ्या हातचं ते खातील का?"

"साहेबाच्या हातचं खातात की."

खण आणि नारळ काकूंनी परत दिले.

रविवारी सकाळी मी लवकर गेले. काकूंनी शिऱ्यात बेदाणे घातले होते. एरवी घालत नसत. सोप्यावर पाट मांडले, केळीची पाने मांडली. मिलचा भोंगा होऊन गेल्यावर कमलाकरराव आले. डोक्यावर पागोटे, हातात काठी, मागे शकुंतला. पंधरा-सोळा वर्षांची, खाली मान घातलेली. मुली उभ्या राहिल्या.

काकू शकूकडे बघून बोलल्या. "शकू, बाबांना सांग, पहिला पाट त्यांचा. कर्त्याचा. दुसरा तुझा."

कमलाकररावांना पहिला पाट मिळालेला आवडला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. काठी भिंतीला लावून ते ऐसपैस बसले. त्यांच्या हातात 'फादर' लिहिलेली पाटी दिली, शकूच्या हातात 'ईट्स', आणि तिसऱ्या पाटावर ईरम्मा, तिच्या पाटीवर नुसता 'शिरा'. मुली हसू दाबत होत्या.

मी वाढले. बेदाणे दिसतील असा शिरा पानावर ठेवला.

"शकू, तुझ्या काकूला सांग," कमलाकरराव म्हणाले, "मी बसलो आहे तेवढं पुरे. मी काही खाणार नाही."

"शकू, बाबांना सांग, इथं सगळे खाल्ल्याशिवाय वर्ग सुरू होत नाही. त्यांना घाई नसली तर आम्हालाही नाही."

मुली बसून राहिल्या. शकूचे कान लाल झाले होते. तिने पानाकडे पाहिले, मग वडिलांकडे. कमलाकररावांनी दाराकडे नजर टाकली, खिडकीकडे टाकली. ओळखीचे कुणी दिसले नाही. त्यांनी पाटी खाली ठेवली, अंगरख्याची बाही वर सारली, "बरं, जेवा," असे मुलींना म्हणाले, आणि घास घ्यायला हात पुढे केला. मुलींनी घास घेतले. शकूनेही घेतला.

काकू ओळीपुढे येऊन उभ्या राहिल्या. त्या कधी कुणापुढे अशा मधोमध उभ्या राहत नसत. त्या पहिल्यांदाच दिराशी थेट बोलल्या.

"भावोजी, उठा. हे पान तुमचं नव्हे."

त्यांचा हात पानावर तसाच राहिला.

"ज्या घरात मला पान नाही, त्या घरच्या यजमानाला माझ्या घरात पान नाही. उठा."

आवाज चढलेला नव्हता. 'कर्ता पहिल्या पाटावर' म्हणताना जसा असे तसाच होता. कमलाकररावांना सगळे आठवले असावे, कारण त्यांनी का म्हणून विचारले नाही. त्यांचे तोंड राखेसारखे झाले. ते उठले. मला विचाराल तर एक घास पोटात जाऊ द्यायला हवा होता आणि मग उठवायचे. पण पंगत काकूंची होती.

पायऱ्यांपाशी जाऊन ते वळले. "शकू, चल."

शकू हलली नाही. तिची बोटे शिऱ्यात होती. आधी तिने तोंडातला घास गिळला. मग वर न बघता म्हणाली, "बाबा, भरल्या पानावरून उठू नये. अन्नाचा अपमान होतो."

ती चाचरली नाही. चाचरली असती तर कदाचित त्यांनी तिला हाताला धरून नेले असते.

ते गेले. सोनाबाई मागच्या दारातून सगळे पाहत होती. ती भिंतीला लावलेली काठी उचलून रस्त्यापर्यंत धावली. तिचे बोलणे आम्हाला आत ऐकू आले. "मास्तर, तुमची काटी ऱ्हायली. घिऊन जावा. हितं तिचं काय बी काम न्हाय."

ईरम्माने हळूच विचारले, "काकू, आता कर्ता कोण?"

काकूंनी पहिल्या पाटावरचे पान उचलून बाजूला ठेवले, तिथे नवे पान मांडले आणि बसल्या. नऊ वर्षांनी त्या पाटावर बसल्या होत्या. काष्टा सारखा केला, मांडी घातली.

"कॉन्व्हेंट, मला वाढ," म्हणाल्या. "बेदाणे बघून वाढ."

त्या सावकाश जेवल्या. मुली थांबून राहिल्या होत्या. पान पुसून झाल्यावर त्यांनी शकूला विचारले, "तू कोण?"

"ईट्स."

"तुझा पाट कितवा?"

"दुसरा."

"मग तिथून हलू नकोस," काकू म्हणाल्या, आणि धडा सुरू झाला.

पुढच्या आठवड्यात एक नवी मुलगी वडिलांना घेऊन आली. काकूंनी त्यांना दारातूनच परत पाठवले. म्हणाल्या, वडिलांचा नियम बंद झाला. त्या गृहस्थांना वाईट वाटले, ते शिऱ्याच्या तयारीने आले होते. एवढा चांगला नियम यशोदाबाईंनी का मोडला, याची पेठेत बरेच दिवस चर्चा होती. परवाच्या सभेतही एका वक्त्याने त्याचा उल्लेख केला आणि काहीतरी उदात्त कारण दिले.

वर्ग मात्र चालू राहिला. मी एकदा म्हटले, "आता तुमचं काम झालं, मग कशाला दगदग?"

"एवढे पाट घेऊन ठेवलेत. चुलीत घालू का?"

शकुंतला रोज येत राहिली. कमलाकररावांना तिला अडवता येईना, स्थळ हातचे गेले असते. संध्याकाळी ते तिला न्यायला येत, पण घरापर्यंत नाही. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली काठी टेकून उभे राहत. कधी कधी वर्ग उशिरा सुटे. काकू मुद्दाम एखादे जास्तीचे वाक्य घेत, आणि मला खिडकीतून बघून यायला सांगत.

"आहेत का?"

"आहेत."

"ऊन आहे?"

"आहे."

"मग आणखी एक घेऊ. शकू, उभयान्वयीवर जा."

शकू मॅट्रिक झाली, इंग्रजीत चांगले गुण मिळवून. लग्न ठरले. आमंत्रणाला जाऊबाई येतील असे आम्हाला वाटत होते, पण अक्षता घेऊन कमलाकरराव स्वतः आले. मुलीने हट्ट धरला असावा. ते पायरी चढले नाहीत, खालीच उभे राहिले. मी आणि काकू सोप्यावर शेवया वाळत घालत होतो.

"यशोदाबाई," ते म्हणाले. 'यशोदे'ची 'यशोदाबाई' झाली होती. "शकूच्या लग्नाला यावं. पहिल्या पंगतीत तुमचं पान मांडलेलं असेल. तुमच्या वहिनींच्या शेजारी."

काकूंनी हातातली शेवई काठीवर नीट पसरली.

"आले असते, भावोजी," त्या म्हणाल्या. "पण माझं जेवण झालंय."